कागद चाखणारा माणूस

आमच्या ह्यांना कागद वाचता येत नाही. म्हणजे अक्षरओळख आहे, सहीसुद्धा चांगली वळणदार करतात, पण हातात कागद आला की त्यावर काय लिहिलंय ते ह्यांना दिसतच नाही. आधी तो उजेडाकडे धरायचा. मग कानाशी नेऊन फडफडवायचा. मग एक कोपरा हळूच जिभेला लावायचा, आणि कुणी अडवलं नाही तर शेवटी कडेला जरासा फाडून बघायचा. पेपर मिलमध्ये तीन नंबरच्या मशीनवर एकतीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय होणार? एकदा डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली, तर त्यांच्यासमोरच ती चाखून म्हणाले, "डॉक्टर, कागद कच्चा आहे, शाई पसरणार." डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली आणि त्यात आणखी एक गोळी वाढवली.

लेकीच्या शाळेच्या प्रमाणपत्राचा एक कोपरा असाच गेला. घराच्या कराराचाही. मी ओरडून ओरडून थकले. जित्याची खोड, ती काय जाते?

खरं सांगायचं तर मिलच्या माणसांना फाडण्याची भीतीच नसते. आमच्याकडे चुरगळलेला, डागाळलेला, अर्ध्यात तुटलेला कागद कुणी टाकून देत नाही. तो परत पल्परमध्ये जातो. पल्पर म्हणजे मोठी कढईच म्हणा, तिच्यात पाण्याबरोबर घुसळून त्याचा लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद कोरा करकरीत होऊन बाहेर येतो. मी स्वतः बावीस वर्षं फिनिशिंग हॉलमध्ये उभी होते. ताव तपासायचे, डागाचे बाजूला काढायचे, पाच बोटांत पाच ताव धरून मोजायचे, पाचशे झाले की रीम बांधायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा सोडलं, आणि माझ्या जागी लेक लागली. त्यामुळे कागदाचं वेड आमच्या घरात एकट्या ह्यांनाच आहे असं मी म्हणणार नाही. पण मी कागद चाटत नाही.

तर ह्या लेकीनं एके दिवशी भाजी निवडता निवडता सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा बाइंडरचा. गावात पुस्तकं, वह्या बांधून देणारं एक जुनं दुकान आहे, बाप आणि मुलगा दोघंच चालवतात. मुलगा मिलच्या गेटवर कागद न्यायला यायचा, तिथे ओळख झाली. मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाली, "आई, देठं पण टाकलीस तू भांड्यात." म्हणजे बरेच दिवसांपासून.

मला मुलगा पसंत होता. ह्यांनाही हरकत नव्हती. प्रश्न बाइंडरचा होता. तो म्हणे फार कडक, मुलाला घेऊन आधी घर बघणार, माणसं बघणार, मग बोलणार. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी तयारीला लागले. तयारी म्हणजे काय, तर समोरच्या खोलीतला प्रत्येक कागद हलवला. वर्तमानपत्रं माळ्यावर टाकली. विजेचं बिल पिठाच्या डब्याखाली दडवलं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं. ह्यांना बजावलं, "माणसं बसतील तोवर हात मांडीवर ठेवायचे. जीभ तोंडात." हे म्हणाले, "मी काय लहान आहे?"

ठरल्या दिवशी बाप-लेक आले. बाइंडर शिडशिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, अंगठ्याच्या नखांत सरस वाळून बसलेला. मुलगा बसल्या बसल्या ह्यांच्याकडे वळला. "काका, तीन नंबर मिनिटाला किती मीटर पळतं हो?"

"चारशे," हे खुलले.

"बाप रे! आणि पळता पळता कागद तुटला तर?"

झालं, ह्यांना हवंच होतं. मशीन न थांबवता ओल्या कागदाची चिंचोळी पट्टी कशी हातानं पुढे फेकायची, दोन दोरांनी ती पकडून गरम सिलिंडरांवरून कशी न्यायची, सगळं हातवारे करून सांगायला लागले. मुलगा डोळे विस्फारून ऐकत होता. बाइंडरच्या कपाळावर मात्र आठी पडली. मी ती पाहिली, पण तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

चहा झाला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाइंडरनं पिशवीत हात घातला. "रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून हे आणलंय," ते म्हणाले. "घरच्या आठवणी लिहून ठेवायला कामी येईल. मुलानं शिवलंय. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण शिलाई बघा तुम्ही."

गडद निळ्या कापडाची, जाडजूड, कोरी वही. आणि ती त्यांनी ठेवली थेट ह्यांच्या हातात.

मी खोकले. चमचा पाडला. लेकीनं "बाबा, बिस्किट घ्या," म्हणून बशी पुढे केली. कशाचा उपयोग नाही. वही उघडली गेली, पान उजेडाकडे धरलं गेलं, कान लावला गेला. जीभ बाहेर आली तेव्हा बाइंडरचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर उतरला. आणि मग खोलीत आवाज झाला. चर्रर्र. शेवटचं पान वरून खाली बोटभर फाटलं.

"हं," हे एकदम समाधानानं म्हणाले. "कागद फर्स्ट क्लास. जिभेला चिकटत नाही. पण लावलाय आडवा. कुणी बांधलं हे?"

इथे जरा सांगायला हवं. लाकडाला जशी रेघ असते तशी कागदालाही असते. मशीन ज्या दिशेला पळतं त्या दिशेला तंतू झोपतात. त्या दिशेला कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर दातेरी. पुस्तकात तंतू शिवणीच्या बाजूनं उभे हवेत, मग ते हातात सुखानं उघडतं. आडवे असले तर पुस्तक उघडलं की मिटत नाही आणि मिटलं की उघडायला मागत नाही. ह्या वहीचं पान दातेरी फाटलं होतं.

बाइंडर शांतपणे म्हणाले, "कागद मिलमधूनच तसा कापून येतो. मी दुसऱ्या बाजूनं घडी घातली तर निम्मा ताव वाया जातो."

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!" हे हसत हसत म्हणाले. ह्यांना वाटलं गंमत चाललीय.

"कुठल्या मिलमधून येतो, विचारा ना." बाइंडरचा आवाज चढला. "तुमच्याच. तीन नंबरचा. अकरा वर्षं मी तुमच्या मिलला पत्रं लिहितोय, की बाबांनो, आमच्यासाठी दुसरीकडून कापा. वर्षाला दोन पत्रं. एकाचंही उत्तर नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ऑफिसातली जुनी पत्रं दर महिन्याला पोती भरभरून कुठे जातात ते मला माहीत होतं, आणि ते डोळ्यासमोर येऊन मला हसू फुटलं. "अहो, ती सगळी पल्परमध्ये जातात," मी म्हणाले. "म्हणजे तुमची पत्रं तुम्हाला परत मिळालीच असतील की, रीम होऊन!"

नवऱ्याला बोलते, पण जीभ माझीही काही कमी नाही.

बाइंडर उठले. "तुम्ही टनात मोजणारी माणसं," ते म्हणाले. "आम्ही एकेक पान मोजतो. मुलाचं लग्न इतक्यात करायचा माझा विचार नाही." मुलगा "अण्णा, अण्णा" करत मागे गेला, दारात वळून त्यानं लेकीकडे बघितलं, आणि गेला.

लेक तिथेच उभी होती. तिनं वही उचलली, फाटलेलं पान सरळ करायचा प्रयत्न केला. "बाबा, सगळ्या घरात तुम्हाला फाडायला हेच मिळालं?" एवढंच म्हणाली, आणि आत निघून गेली. मला वाटलं होतं तिला राग येईल. तिला रडू आलं होतं.

त्यानंतर चार दिवस ती बापाशी बोलली नाही. चहाचा कप त्यांच्यासमोर असा आदळायची की अर्धा चहा बशीत. मी तर तोंड सोडलंच होतं. हे मात्र कामावर जायचे, यायचे, भिंतीकडे बघत बसायचे. मी शेजारी वर्तमानपत्र ठेवून पाहिलं, त्यालाही हात लावला नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

चौथ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "अगं, एकतीस वर्षांत कागद वापरणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला."

"मग चांगलं स्वागत केलंत त्याचं."

"ऐक तर. आपण कागद काढतो, तो गेटबाहेर जातो, आपल्या दृष्टीनं संपला. तिकडे तो माणूस अकरा वर्षं माझ्याच कागदाशी झगडतोय, आणि मला पत्ता नाही." त्यांचा घास हातातच राहिला होता. "आणि मी त्यालाच नाचता येईना म्हणालो गं."

मला त्यांची इतकी दया आली की पुढचा टोमणा मी गिळला. "जाऊन माफी मागा," म्हटलं.

"माफी मागून काय होणार? कागद आडवाच राहणार."

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरकडे गेले. रिळाच्या शेवटी थोडा कागद उरतो, तो एरवी पल्परमध्येच जातो. तेवढा मला कापायला द्या म्हणाले, फक्त मापाची लांबी-रुंदी उलटी करून. मॅनेजर म्हणाले, नाहीतरी जाणारच आहे, घ्या. कटरवाला कुरकुरला. सगळी पाती सरकवायची म्हणजे तासाभराचं काम, आणि तेही एका उरल्यासुरल्या तुकड्यासाठी. ह्यांनी त्याच्या मागे लागून ते करवून घेतलं. संध्याकाळी हातगाडीवर हजारेक ताव घेऊन घरी आले, तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जीव दिसला.

मी टेबल पुसलं आणि ताव तपासायला घेतले. बोटं विसरली नव्हती. थोड्या वेळानं लेक आतून आली, न बोलता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला. बराच वेळ फक्त तावांचा आवाज.

"ह्याच्यावर डाग आहे," ती म्हणाली.

"काढ," हे म्हणाले.

बाप-लेकीतलं भांडण एवढ्यावर मिटलं. नऊशे ऐंशी चांगले ताव निघाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बाइंडरच्या दुकानात गेलो. अरुंद, लांबट खोली. खिळ्यांना दोऱ्याच्या लडी, कोपऱ्यात लाकडी दाबयंत्र, शेगडीवर सरसाचं भांडं, आणि खिडकीशी एक बसकं स्टूल, ज्यावर बाइंडर बसले होते. त्यांनी वर बघितलं. "मिलकडून उत्तर आलं वाटतं."

"अकरा वर्षं उशीर झाला," हे म्हणाले, आणि गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. "तुम्हाला बोललो ते चुकलंच माझं. पण आधी हा बघा."

बाइंडरनं एक ताव काढला. खिडकीकडे धरला. कानाशी नेऊन फडफडवला. मग इकडेतिकडे बघितलं, आणि काय सांगू, कोपरा जिभेला लावला! मी लेकीकडे बघितलं. तिनं ओठ दातांखाली घट्ट धरले होते. मग त्यांनी ताव दुमडला, पुन्हा दुमडला, हाडाच्या पट्टीनं घडी दाबली आणि टेबलावर उघडून ठेवला. तो उघडाच राहिला, सपाट, निवांत.

"अरेच्चा," बाइंडर म्हणाले. आणि चष्मा काढून पुसायला लागले.

त्यापुढचे दोन तास त्या दोघांना जगाचा विसर पडला. बाइंडरनं फळीवरून फुगलेली, वाकलेली पुस्तकं काढली, हे एकेक उघडून "अरेरे" करत होते. सरस लावल्यावर कागद किती ताणतो, ह्यावर वाद झाला. दोघांनी पट्ट्या कापल्या, ओल्या केल्या, त्या कुठे वळतात ते टेबलावर डोकी टेकवून बघितलं. मधेच ह्यांनी मुलाला दोर कागदाला कसा पकडतो ते सुतळीनं करून दाखवलं, आणि तो पोरगा हरखून गेला. चहा आला, गेला. परत आला. लग्नाचं नाव कुणी काढेना. मी खुणा करून दमले. दोन लहान मुलं खेळत बसावीत तसं त्यांचं चाललं होतं.

शेवटी लेकच उठली. "बाबा! काका! कागदाचं झालं असेल तर आमचं काय ते सांगा."

दोघंही दचकले. बाइंडरनं हाडाची पट्टी खाली ठेवली.

"बाळ, पान फाटल्याचा राग मला त्याच दिवशी रस्त्यात गेला," ते म्हणाले. "खरं सांगू? ताकाला जाऊन भांडं लपवत होतो मी. त्या दिवशी हा आल्या आल्या मशीन विचारायला लागला, तेव्हाच मी समजलो. तुमची मिल मोठी, पगार पक्का. लग्न झालं की हा तिकडे जाणार आणि ह्या दुकानाला कुलूप लागणार. एरवी मी म्हटलं असतं, जा. पण वर्षभरात ह्याच्या हाताला काय वळण आलंय!" त्यांनी मागच्या फळीवरून दोन-तीन पुस्तकं ओढली. "ही बघा शिलाई. तुमच्याकडे आणली ती वही बघा. असा हात आमच्या तीन पिढ्यांत नव्हता. तो बटणं दाबायला कसा पाठवू?"

मुलाचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यानं लेकीकडे बघितलं. तिनं मान हलवली, नको नको.

"अण्णा," तो म्हणाला, "ती शिलाई माझी नाही. हिची आहे."

"काय?"

"तुम्ही दुपारी घरी झोपायला जाता ना, तेव्हा येते ही. पहिल्या पाळीची सुट्टी झाली की. आठ महिने झाले. मी फक्त सरस लावतो."

मी कपाळावर हात मारला. आठ महिने पोरगी मला ओव्हरटाइम सांगत होती! आणि मी बावीस वर्षं त्या हॉलमध्ये काढलेली बाई, मला कळू नये? मग ते फाटलेलं पान आठवलं. तिच्या हातानं शिवलेली वही बापाच्या हातात पडली होती, आणि बापानं ती फाडली होती. ह्यांनाही त्याच क्षणी ते कळलं असावं, कारण ते भिंतीचा आधार घेऊन खाली बसले.

बाइंडरनं नव्या कागदाच्या पाच-सहा घड्या केल्या, सुईत दोरा ओवला, मेणावरून ओढला, आणि स्टुलावरून उठले. "बस," ते लेकीला म्हणाले. "शिव."

ती बसली. सुई आत जायची, बाहेर यायची, दोरा बेताचा ताणायचा, ना ढिला ना घट्ट. अंगठ्यानं घडी दाबायची ती सवय मात्र फिनिशिंग हॉलची, माझी. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. बाइंडर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. चौथ्या घडीनंतर त्यांनी बघणं सोडलं आणि मुलाकडे वळले.

"मिलचा अर्ज भरलास ना तू?"

मुलगा सुतळी हातात घेऊन उभा होता. "मागच्या महिन्यात, अण्णा," तो अगदी हळू म्हणाला.

आता पुन्हा भडका उडणार. बाइंडरनं एक मोठा श्वास घेतला, आणि तो सुटला तो हसूनच. खांदे गदगदा हलवत, सरसाच्या बोटांनी डोळे पुसत हसले ते.

"व्याही," ते ह्यांना म्हणाले, "हे घ्या, मुलगा तुम्ही घेऊन जा. मशीनवर लावा, नाहीतर दोराला बांधा. मुलगी मात्र मला रोज सकाळी नऊ वाजता इथे पाहिजे."

हे उठून उभे राहिले. त्यांनी बाइंडरचे दोन्ही हात धरले. मुलगा माझ्या पाया पडायला वाकला आणि गडबडीत सरसाच्या भांड्याला धडकला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

लेकीनं मान वर केली नाही. तिनं शेवटची घडी शिवली, गाठ मारली, दोरा तोडला, आणि मग म्हणाली, "काका, मी साडेआठलाच येईन."